गौरीची पंचमी

सासूचं, सरुबाईंचं, दुखणं सुरू झाल्यापासून आमच्या शेजारची गौरी माहेरी गेली नव्हती. यंदा पंचमीला भाऊ न्यायला आला. सरुबाईंचा कर्करोग आता बरा होणारा नव्हता, पण घरी येणाऱ्या नर्सबाईंनी लेकालाही आईचं सगळं करायला शिकवलं होतं.

"जा गं, लेक हाय की," सरुबाईच म्हणाल्या.

निघताना गौरीनं पाणी पुढं केलं. त्यांनी तोंड फिरवलं. ओठ पार सुकले होते.

"आत्या, कालपासून पाणी घेतलं न्हाय तुम्ही?"

"पेलं तर लुगडं बदलाया लागतंय. पोराच्या हातनं? लाज न्हाय व्हय मला?"

"मग मी जातच न्हाय. प्या."

"तू जाऊन ये. मग पिते."

"ताई, एसटी जाईल," दारातून भाऊ म्हणाला.

गौरी पेला धरून तशीच बसून राहिली.