गाठ डोक्यावर, मूळ गळ्यात

आईच्या डोक्यावर, टाळूच्या जरा मागे गाठ आली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. आवाळू आहे, म्हणाले सगळे. आई पांढुर्ण्याच्या आसपासच्या बागांत संत्रा तोडायला जायची. टोपलं वाहून वाहून गाठ आली, असं तिचं स्वतःचं निदान होतं. मी तेव्हा सौसरला तहसील कचेरीत बाबू होतो, सुटीला घरी यायचो. एका रविवारी तिच्या डोक्याला तेल लावताना बोटाखाली ती गाठ नाडीसारखी उडली.

"माय, हे उडून राहिलं!"

"मी जिती आहो म्हणून उडून राहिलं. तुले काय पाह्यजे?"

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला पॅसेंजरनं नागपूरला नेलं. तिथे सी.टी. स्कॅनचं मशीन नवीनच आलं होतं. फोटोत गाठीखालचं हाड चक्क कुरतडलेलं दिसलं. आई मात्र त्या मशीनवर खूश होती. "निजायलेच सांगतात बाप्पा!"

मग सुईनं गाठीतला कण काढला. तीन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. "हा कॅन्सर आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण डोक्याचा नाही. दुर्बिणीखाली गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या पेशी दिसतात."

"गळ्यातलं डोक्यात कसं गेलं?" मी विचारलं.

"रक्तातून. क्वचित होतं असं." त्यांनी आईला पाण्याचा ग्लास दिला. "आजी, एक घोट घ्या." घोटाबरोबर गळ्यात बोराएवढं काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. इतकी वर्षं समोर बसून जेवलो, मला ते कधी दिसलं नव्हतं.

पुढे मुंबईला ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली. मग थोडं किरणोत्सारी आयोडीन पाजून पुन्हा फोटो काढला. आजाराच्या पेशी ते आयोडीन ओढून घेतात आणि फोटोत चमकतात. डोक्यावर एक ठिपका होताच, दुसरा कमरेच्या हाडात निघाला. "म्हणून कंबर दुखे होय!" आई म्हणाली, जणू हरवलेलं काही सापडलं.

मग त्या पेशी मारायला त्याच आयोडीनचा मोठा डोस दिला, आणि अंगातून किरणं निघतात म्हणून तिला चार दिवस एकटीला खोलीत ठेवलं. मी दारातूनच बोलायचो.

"करमते का, माय?"

"ताट आयतं येते. जिंदगीत पह्यल्यांदा आयतं खाऊन राहिली. तू जाय, फिरून ये."

असे डोस आणखी दोनदा झाले. गाठ हळूहळू बसली. वर्षभरानंतरच्या फोटोत एकही ठिपका नव्हता. डॉक्टरांनी तो कोरा फोटो उजेडावर धरून दाखवला.

"काहीच नाही दिसून राहिलं," आई म्हणाली, "मंग इतक्या दूर बोलावलं कायले?"

डॉक्टर खो खो हसले. मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो, आणि व्हरांड्यात उभा राहून पोटभर रडलो.