डोपामिनच्या खुर्च्या

मनोविकारांच्या डॉक्टरकडे किस्से पोत्यानं जमतात आणि पोत्याचं तोंड बांधून ठेवावं लागतं. आता मी रिटायर झाले, नावं बदलली आहेत, तेव्हा थोडं सैल सोडायला हरकत नाही.

सत्तरच्या दशकात कासारवाडी स्टेशनजवळ एका सायकलच्या दुकानावर माझा दवाखाना होता. पेशंट बहुतेक आसपासच्या कंपन्यांतले. पाटीवर मी 'मेंदू व मज्जाविकार' एवढंच लिहिलं होतं. 'मनोविकार' लिहिलं असतं तर तो जिना फक्त मीच चढले असते!

* * *

औषध काय करतं, हे सांगायला मी खुर्च्यांची गोष्ट रचली होती. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. त्याला बसायला पेशींवर ठरलेल्या खुर्च्या असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. डोपामिनचा धुडगूस वाढला की काही माणसांना नसलेले आवाज ऐकू येतात. मग आमचं औषध आधीच जाऊन त्या खुर्चीत बसतं. काम काही करत नाही. नुसतं बसतं.

कांबळे नावाचे एक युनियनचे पुढारी भावाला घेऊन आले होते. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकलं.

"म्हणजे खुर्ची अडवायची आणि काम करायचं नाही?"

"हो."

"बाई, असे आमच्या मॅनेजमेंटमध्ये भरपूर आहेत. त्यांच्यामुळे कुणाचं डोकं ठिकाणावर आलेलं मी पाहिलं नाही!"

भावाला गोळ्या मात्र त्यांनी नेमानं दिल्या.

* * *

उदासीच्या गोळीची तऱ्हा वेगळी. पेशी आपलं रसायन बाहेर सोडते आणि लगेच परत ओढून घेते. गोळी ते परत ओढणं अडवते. गुण यायला मात्र तीनेक आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं ते पहिल्याच दिवशी.

स्टोअरमधले देशपांडे म्हणाले, "म्हणजे त्रास आत्ता, काम नंतर, आणि टिकेल याची खात्री नाही. ट्रेनी भरती केलाय म्हणा की!"

हे त्यांनी अजिबात न हसता म्हटलं. महिन्याभरानं आले तेव्हा तेच वाक्य हसत म्हटलं. मी डोस तोच ठेवला.

* * *

पॅकिंग खात्यातल्या शेखभाईंना झोप येत नव्हती. गाबा नावाचं रसायन म्हणजे मेंदूचा ब्रेक. झोपेची गोळी त्या ब्रेकवरचा पाय जड करते, असं समजावून मी चिठ्ठीवर लिहिलं, 'रात्री एक'.

त्या आठवड्यात त्यांची थर्ड शिफ्ट होती. सकाळी ते एका मोठ्या खोक्यात, पॅक व्हायच्या बेतात सापडले.

"बाई, तुम्ही रात्री गोळी घ्यायला सांगितली. कंपनीनं रात्री कामाला बोलावलं. मी दोघांचं ऐकलं!"

तेव्हापासून मी 'झोपण्यापूर्वी' असं लिहू लागले.

* * *

रहाटणीचा दत्तू फिटर होता. मशीनच्या आवाजात त्याला माणसं बोलताना ऐकू यायची, 'दत्तूला काढा, दत्तूला काढा.' आवाज खोटे होते, पण कंपनीनं खरंच बजावलं होतं, की महिन्याभरात सुधारला नाही तर घरी बसवू. घरात कमावणारा तो एकटा. आणि गोळी म्हटलं की तो उठून जायचा.

"मी येडा न्हाई. गोळ्या येडी माणसं खात्यात."

शेवटी त्याची आई, हौसाबाई, हिच्याकडे मी बिनचवीचे थेंब दिले. जेवणातून द्या म्हटलं. त्या काळी असं सर्रास करत. हौसाबाई रोज डब्यातल्या आमटीत थेंब घालू लागली. दोन आठवडे झाले, आवाज काही थांबेनात.

"नोकरी गेली तर आमी खायाचं काय, बाई?" हौसाबाई रडायची. मलाही सुचेनासं झालं होतं.

एका संध्याकाळी ती दत्तूला घेऊन माझ्यासमोर बसलेली असतानाच त्याच्या खात्यातली तीन पोरं जिना चढून आली. दोघं जांभया देत होते. तिसरा सुनील; त्याची मान खिडकीकडे वळली होती ती वळलीच होती.

"बाई, खात्यात साथ आलीया!"

"काय जेवलात?" मी विचारलं.

"मावशीची आमटी, दुसरं काय! दत्तूचा डबा उघडला की आमी थेंब ठिवत न्हाई. त्यो आमचं खातो."

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. आता लपवून उपयोग नव्हता. सुनीलची मान सुटायला इंजेक्शन भरता भरता मी सगळं सांगून टाकलं. डोपामिनच्या खुर्च्या हालचालींच्या खात्यातही असतात आणि औषध खातं विचारून बसत नाही, हेही सांगितलं.

दत्तू आईकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि परत कधी यायचा नाही.

तेवढ्यात सुनील खिडकीकडे बघत दत्तूला म्हणाला, "इतकं दिवस तुझं औषध आमी खाल्लं. आमी काय येडं झालो व्हय? आता तुझं तू खा, राव. माझी मान लई दुखतीया."

दत्तू हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यानं गोळीसाठी हात पुढे केला आणि मला इतकं हायसं वाटलं, की सुनीलला इंजेक्शन द्यायचं राहूनच जात होतं.

महिना संपायच्या आत आवाज विरत गेले. दत्तू कामावर राहिला. हौसाबाई सांगायला आली, पण चेहरा काही खुललेला दिसेना.

"का हो, गोळी घेतो ना?"

"घेतो की. समद्यांच्या म्होरं, क्यांटीनमधी."

"मग?"

"ती पोरं म्हणत्यात, मावशी, आमटीला आता पयल्यासारखी चव न्हाई!"