सोयाबीनला पाजलेली हवा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापाशी तर मी दाढ दुखली तरी तासभर बोलतो. यातला हसण्याजोगा भाग गावाला पाठ आहे. पुढचा फक्त मला.

आधी हसण्याचा. कुठेतरी वाचलं, की धुरातला जो कार्बन डायऑक्साइड हवेत वाढत चाललाय, तेच झाडांचं जेवण. झालं, डोक्यात किडा शिरला. हवा बिघडतेय म्हणतात — मग पिकाची तर चैनच की! खरं असेल? पानाला कळत असेल का, की आज ताटात जरा जास्त वाढलंय? बारावी सायन्स दुसऱ्या झटक्यात पास झालेला माणूस मी. पण आसेगावात तेवढ्यावर शास्त्रज्ञ होता येतं. वावराच्या कोपऱ्यात बांबू ठोकले आणि सोयाबीनच्या चार ओळींवर प्लास्टिकचा तंबू केला. बाजूला ड्रम, ड्रमात गुळाचं पाणी आणि बेकरीतून आणलेलं यीस्ट. ते फसफसलं की तोच वायू नळीनं तंबूत.

वास सुटला तसे पोलीस पाटील आले. नळी हुंगली.

"काय काढून राह्यला बे?"

"हवा, पाटील. झाडायसाठी."

"हवेले गूळ कायले लागते? पहिल्या धारेची असंल तर आमाले सांगजो."

झाडं मात्र वाढली हो! बाहेरच्यापेक्षा वीतभर उंच, पानं हिरवीकंच. येईल त्याला मी तंबू दाखवू लागलो. आता खतवाल्यांनी दुसरा धंदा बघावा, हवाच पीक पोसणार — हे वाक्य मी चहाच्या टपरीवर किती वेळा टाकलं असेल!

मग शेंगा भरायची वेळ आली. आणि शेंगा — काय सांगू? पानं बाजूला सारत गेलो, शोधत गेलो. प्लास्टिकखाली इतकं तापायचं की फुलं गळून गेली होती. थोड्या शेंगा धरल्या होत्या, त्या बोटांत दाबल्या तर चपट्या. खरंच नवल वाटलं. एवढं खाऊन दाणा काहून नाही? पुढे वाचत गेलो तेव्हा थोडं उमगलं. वायू वाढला की झाड जोमानं वाढतं खरं, पण मग ते जमिनीकडेही जास्त मागतं. आणि तोच वायू सगळी हवा तापवतो, ते फुलांना सोसत नाही. नुसत्या भाकरीवर पोरगं उंच होईल, अंग कसं धरेल? पण हे कळायच्या आधीच मी गुपचूप तंबू काढून टाकला होता. वाऱ्यानं फाटला म्हणून सांगितलं.

एवढंच असतं तर हसत सांगितलं नसतं का?

पुढच्या पेरणीला रामदासभाऊ आला. त्याचं वावर माझ्या वावराला लागून. "काय सायंटिस, औंदा खत नाई टाकलं तं चालते का? हवा पोसते म्हनतं ना तू?" थट्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. माझ्या शेंगा चपट्या निघाल्या, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "बिनधास्त राहा, भाऊ."

त्यानं खत टाकलं नाही. पीक हाती लागलं नाही. अशा वेळी आमच्याकडे कारण तयार असतं — बियाणं बोगस. कारंजातल्या एका म्हाताऱ्या जैन शेटजींकडून आमचं अर्धं गाव बियाणं नेत असे. रामदासभाऊ पाच-सात जणांना घेऊन त्यांच्या दुकानात धडकला. शास्त्र कळणारा म्हणून मला पुढे केलं.

शेटजींनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले आहात, भाऊ. खत घातलं नाही तर सोयाबीनची अशीच गत होईल की नाही? तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "खताचा संबंध नाही, शेटजी. बियाणंच बोगस."

ते भांडले नाहीत. समोरच्या उघड्या पोत्यातले मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि एकेक उलटवून बघत बसले. त्यांना स्वतःच्या मालाचीच शंका आली होती — ती मी घातली होती. गावानं ते दुकान सोडलं, मग आजूबाजूच्या गावांनी. आता तिथे प्लास्टिकच्या बादल्या मिळतात. शेटजी बियाण्याला हात लावत नाहीत.

बियाणं चांगलं होतं. त्याच दुकानातलं, त्याच खेपेचं बियाणं धुऱ्याच्या, आमच्या दोघांमधल्या बांधाच्या, अलीकडे माझ्या वावरात पेरलं होतं. शेंगा गच्च भरल्या होत्या. कुणी विचारलं तर दुसरीकडून आणलं म्हणायचो.

मी खत टाकलं होतं. रामदासभाऊला बिनधास्त राहा म्हणालो, त्याच दिवशी माझ्या दारात खताची पोती उतरली होती.