मिस्त्रींचं बाकडं

मिस्त्रीणबाई बुटक्या. दवाखान्यात, बँकेत, कुठंही खुर्चीवर बसल्या की पाय अधांतरी. नवरा सुतार, ताडमाड उंच. "आज शाळेला सुट्टी का?" असं चिडवायचा. बाईही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. लोकांची कपाटं करता आणि बायकोचे पाय टेकतील असं एक बाकडं होत नाही, म्हणून उलट सुनवायच्या. मिस्त्री हसून म्हणायचे, करू की. ते करायचं राहून गेलं आणि एक दिवस मिस्त्रीच गेले.

हत्यारांची पेटी आवरताना बाईंना तळाशी कागद सापडला. त्यावर पेन्सिलीनं बाकडं काढलेलं, समोरासमोर दोन बैठकांचं. एक उंच, एक ठेंगणी. उंच बैठकीवर लिहिलं होतं 'ही', ठेंगणीवर 'मी'. बाई कागद छातीशी धरून तडक मिस्त्रींच्या कारखान्यातल्या जोडीदाराकडे गेल्या. तोही तसाच उंच. त्याला त्या भावोजी म्हणत.

भावोजींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि डोकं खाजवलं. मापं सगळी वितीत होती. घरच्या कामाला मिस्त्री टेप लावतच नसत. आता ती वीत आणायची कुठून? बाईंनी बांगड्या वर सारून हात पुढे केला. मिस्त्रींची वीत बाईंच्या मनगटापासून बरोबर कोपरापर्यंत यायची. थट्टेत किती वेळा मोजलेली. भावोजींनी खाली मान घालून तेवढं माप फळीवर उतरवून घेतलं.

दुसरी अडचण मोठी होती. नावं चुकून उलटी पडलीत, असं भावोजींचं म्हणणं. "वहिनी, उंच बैठक तुम्हाला कशी? पाय आणखी लोंबतील. मी अदलाबदल करतो."

बाईंनाही ते पटत होतं. जन्मभर ठेंगण्या बैठकीसाठीच तर भांडल्या होत्या. तरी त्या म्हणाल्या, "चूक असली तर त्यांची चूक करा. तुमचं बरोबर नको मला."

बाकडं झालं. बाई कशाबशा वर चढल्या आणि पाय टेकले. उंच बैठकीखाली एक आडवी फळी होती. कागदावर ती पाहून भावोजींना वाटलं होतं, मजबुतीसाठी असेल. बाईंनी दोन्ही तळवे तिच्यावर नीट टेकवले. मग म्हणाल्या, जरा समोर बसून बघा.

भावोजी ठेंगण्या बैठकीवर बसले. त्यांचे डोळे बाईंच्या डोळ्यांसमोर, अगदी सरळ रेषेत आले. बाईंना आता उमगलं. सगळा संसार त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याच्या गुंड्यांशी बोलून केला होता. त्या पायांसाठी कुरकुरत राहिल्या, आणि त्याला मात्र बायकोचा चेहरा समोर हवा होता. एकदा तरी तसं सांगायचं होतं मला, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

"उठा भावोजी," त्या म्हणाल्या. "तिथं दुसरं कोणी बसलेलं बघवत नाही मला."