तिसरी बुडी

ताट माझ्या डोक्यावरून गेलं.

उपासनेला आम्ही बाया डाव्या बाजूच्या सतरंजीवर बसतो. प्रभुभोजनाचं ताट पहिल्या रांगेपासून हातोहात मागं येतं. पांढऱ्या रुमालाखाली पोळीचे तुकडे असतात. मी तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. ताट शेजारणीपर्यंत आलं, तसा मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात पुढं केला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ममताताई उठल्या. मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभार बघणारे सुधाकरभाऊ, त्यांची ही बायको. त्यांनी शेजारणीच्या हातातून ताट घेतलं, माझ्या डोक्यावरून नेलं आणि मागच्या बाईच्या हाती दिलं.

"तुले नाही," त्या म्हणाल्या.

एवढंच. हळू नाही. पुरुषांच्या बाजूला ऐकू जाईल एवढ्यानं.

माझा हात तसाच राहिला, पुढं. मागं घ्यायचंही सुचलं नाही. साठ माणसं बसली होती आणि सगळ्यांनी एकदम डोळे मिटले. जणू प्रार्थनाच चालू होती.

ती पोळी मीच लाटली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे उठून, आंघोळ करून, मीठ न घालता, खमीर न घालता. गरम असतानाच सुरीनं तिचे तुकडे करायचे, नाहीतर ती वातड होते. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालून, उकळून, गाळून प्याल्यांसाठी रस करायचा. सभागृह झाडायचं. सतरंज्या टाकायच्या. हे सगळं मी सहा वर्षं केलं. त्या दिवशीही केलं. मला सकाळी कुणी सांगितलं नाही की बाई, तुझं नाव कटलंय. पोळी होईपर्यंत माझे हात चालत होते.

बाहेर चपला घालताना मागून कुणीतरी बोललं, "आखीर गोंडीनच. जात दाखवलीच." मी वळून पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता, म्हणूनच पाहिलं नाही.

आता मूळ गोष्ट सांगते.

मी गोंडाची. माहेर देवरीकडं, जंगलकाठचं. सासर गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या खेड्यात. नवरा ट्रकवर होता. तो गेला तेव्हा माझ्या पदरी लेकरू नव्हतं. सासरच्यांनी महिनाभर पाहिलं आणि मग पाहणं सोडलं. धानाच्या रोवणीला बोलवायचे, बांधावर एकत्र जेवायचे, पण माझ्या घराचा उंबरा कुणी ओलांडत नव्हतं. माणूस कामाला चालतं, घरी चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसांत एका मंगळवारी चार बाया आल्या. पुढं ममताताई. गोरेगावची राईस मिलवाली बाई माझ्या शेणानं सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसली. म्हणाली, "पानी दे, बाई. लय उन्ह आहे." मी दिलं. ती माझ्या तांब्यानं प्यायली. तोंड लावून प्यायली. मी त्या तांब्याकडं बघतच राहिले. लोक म्हणतात, हे लोक तांदूळ देतात, पैसे देतात म्हणून बाया तिकडं जातात. मला कुणी काही दिलं नाही. माझं पाणी घेतलं. त्यावर मी विकली गेले म्हणा हवं तर.

तारण म्हणजे काय, देवानं पापातून सोडवणं म्हणजे काय, तेही ममताताईंनीच समजावलं. म्हणाल्या, "पाहा, सातबाऱ्यावर तुयं नाव चढलं. आता कोनी काढू शकत नाही." माझ्या बापाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, नवऱ्याच्याही नाही. माझ्या जन्मातला तो पहिला सातबारा. गावाबाहेरच्या बोडीत, लहान तळ्यात, मला पास्टरनी बुडवलं, बाप्तिस्मा दिला. वर आले तेव्हा मी रडत होते आणि बाया गात होत्या. खोटं कशाला बोलू, तेवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

दोन वर्षांनी मला कावीळ झाली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मुळ्यांची माळ गळ्यात घातली. आमच्याकडं कावीळ झाली की घालतातच. अंगावरून ती माळ खाली उतरत गेली की कावीळ उतरली म्हणायची. पास्टरनी माळ बघितली. ते गोंदियाचे, हिंदीतच बोलतात. म्हणाले, "बहन, ये तो जादूटोना है. उद्धार गया आपका." मी घाबरले. तापात होते, डोळे पिवळे होते, आणि वरून तारण गेलेलं. बरी झाल्यावर पुन्हा बोडीत उतरले, पुन्हा बुडाले. दुसरी बुडी. कुणी जबरदस्ती केली नाही, मीच हात जोडून गेले. माझी चूक झाली ती तिथं. सातबाऱ्यावरून नाव काढायला तलाठ्यालाही आधी नोटीस द्यावी लागते. मी विचारायला हवं होतं, माझी नोटीस कुठं आहे म्हणून. विचारलं नाही.

मग रोहितचं झालं. रोहित म्हणजे सुधाकरभाऊंचा एकुलता मुलगा. आमच्यासमोर गिटार वाजवायचा. एकदा कोहमाऱ्याच्या ढाब्यावर दारू पिऊन त्यानं तिथल्या वेटरला इतकं मारलं की त्याचा एक कान कायमचा गेला. अख्ख्या तालुक्याला माहीत झालं. पुढच्या रविवारी मला वाटलं, आता याला बोडीत नेतील. नेलं नाही. पास्टरनी तासभर उपदेश केला. लेकरू अंगणात चिखलात पडलं तर बाप त्याला धुतो, घराबाहेर काढत नाही. देवाच्या हातात गेलेल्याला कुणी हिसकावू शकत नाही. तारण एकदा मिळालं की ते आपल्या पापानं जात नाही, कारण ते आपल्या पुण्यानं मिळालेलंच नव्हतं.

मी ऐकत होते आणि माझे डोळे वाहत होते. रोहितसाठी नाही, माझ्यासाठी. मनात म्हटलं, बाई, सुटलीस तू. आता कावीळ होवो की काही होवो. त्या रविवारी ताट रोहितनंच धरलं होतं. त्याच्या हातून मी तुकडा घेतला आणि मनापासून घेतला.

सभागृह सुधाकरभाऊंच्या जागेवर उभं आहे, मिलच्या मागं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची मला सवय नव्हती.

मागच्या साली माझी आई वारली.

आई जुन्याच वाटेची. पेन म्हणजे आमचे कुळदेव, देवखळा म्हणजे त्यांचं ठाणं, आणि मोहफूल. माझ्या येशूवर तिचा राग नव्हता. म्हणायची, "तुया देव तुले सांभाळते ना? मंग झालं." मरायच्या चार दिवस आधी तिनं माझा हात धरला. "पोरी, मातीवर दोन थेंब टाकजो मोहाचे. मले तहान लागन."

मी तिची एकुलती. माती दिल्यावर पानाच्या द्रोणात मोहाची दारू आली. कुळातले लोक आडवे आले. "तू तं येसूवाली. तुया हातचं मातीले चालत नाही." मी उभीच. आईच्या मातीपाशी उभं राहून वाद घालायची ताकद नव्हती. शेवटी म्हातारा मामा पुढं झाला, त्यानं द्रोण माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. मी दोन थेंब टाकले. मग सगळाच ओतला. माझ्या तोंडात प्रभूचंच नाव होतं, दुसरं येतच नव्हतं. जेवणाच्या वेळी मला वेगळी पत्रावळ देऊन कडेला बसवलं. कुणीतरी मोबाईलवर सगळं काढलं होतं. मी परत पोचायच्या आधी ते गोरेगावात पोचलं.

तिकडं मी येसूवाली. इकडं गोंडीन.

मी पाप केलं का? हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारला आहे. केलं असेल. मी शिकलेली नाही, मला वचनातलं सगळं कळत नाही. पण आईला तहान लागेल म्हणून ओतलं. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा ओतेन, हेही खरं आहे. माझ्या देवाशी मी हे बोलले आहे. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

ताट डोक्यावरून गेलं त्या दिवशी उपासनेनंतर पास्टरनी मला बोलावलं. सुधाकरभाऊ खुर्चीवर, पास्टर खुर्चीवर, मी उभी. पास्टर म्हणाले, "उद्धार खो दिया आपने. फिर से बपतिस्मा लेना पड़ेगा. तब तक संगती बंद."

संगती बंद म्हणजे काय ते मला मंगळवारी कळलं. मंगळवारची प्रार्थना माझ्या घरी असायची. मी चटई टाकली. तांब्या भरून ठेवला. दुपार झाली. रस्त्यावरून त्याच चार बाया गेल्या, दुसऱ्या घरी. एकीनं माझ्या दाराकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी संध्याकाळपर्यंत चटई गुंडाळली नाही. मग ते पाणी मीच प्यायले.

असे सात मंगळवार गेले. बाजारात भेटलं तरी कुणी "जय मसीह" म्हणेना. नवरा गेल्यावर मी एकटी होते, पण तेव्हा मला दुसरं काही माहीत नव्हतं. एकदा माणसांत बसून मग एकटं होणं फार वाईट. रात्री घरात मी मोठ्यानं गाणी म्हणायचे, माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून. सात मंगळवारांत मी मोडले. निरोप पाठवला की बुडी घेते.

बोडी भरलेली होती. मंडळी काठावर उभी. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात, पांढऱ्या शर्टात. मी उतरले. पायाखाली गाळ. त्यांनी एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "बहन, सबके सामने बोलिए, मैंने अपना उद्धार खो दिया था."

मी तोंड उघडलं. म्हणणारच होते. समोर काठावर रोहित उभा होता. मोबाईल धरून शूटिंग करत होता. केस नीट विंचरलेले. आणि मला तो उपदेश आठवला. चिखलातलं लेकरू. धुणारा बाप. दोन गोष्टी पहिल्यांदाच शेजारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "पास्टर, रोहितले किती डाव बुडवलं?"

 पास्टर हळूच म्हणाले, "उसकी बात अलग है."

"काऊन?"

त्यांनी मान वळवली. सुधाकरभाऊंकडं पाहिलं. बस, तेवढं पाहणं मला पुरलं. माझ्या तारणाचा निकाल कोणत्या काठावर लागतो ते मला दिसलं. इतकी वर्षं मी आकाशाकडं बघत होते.

मी पाठीवरचा हात बाजूला केला. म्हटलं, "मी पाप केलं असन. माफी मागीन, देवालेच मागीन. पन मायं तारन गेलंच नाही, तं वापस कायले घेऊ?"

ममताताई ओरडल्या, "पाहा, सैतान बोलून राहिला तिच्यात!"

मी बाहेर आले. लुगडं अंगाला चिकटलं होतं. त्या दिवशी बुडी घेणाऱ्या बाकीच्यांसाठी आणलेले टॉवेल काठावर ठेवले होते, मला कुणी दिला नाही. धानाच्या बांधावरून ओलीच घरी गेले. वाटेत रडले. राग होता म्हणून नाही. त्या बाया मला आवडायच्या, म्हणून. अजूनही आवडतात.

गावातले म्हणाले, आता सोड तो येशू, परत ये. माहेरचा निरोप आला, देव घे, दंड भर, जातीत घेऊ. म्हणजे तिकडंही बुडीच. मी कुणाकडंही गेले नाही. माझा देव मला यांच्यासोबत भेटला, पण तो यांनी पाळलेला नाही. माझा सातबारा मिलच्या कपाटात नाही.

पोळी लाटणं मी बंद केलं. झाडणं बंद. आता ताटात दुकानातल्या पुड्याची बिस्किटं असतात, असं दिसतं. लाटायला त्यांच्यात कुणाला वेळ नाही.

पण उपासना मी सोडलेली नाही. मला काढायचं तर त्यांनी दारातून धरून काढावं. मी जाते. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसते. माझ्या दोन्ही बाजूंना हातभर सतरंजी रिकामी असते. गाणं मोठ्यानं म्हणते. ताट येतं तेव्हा पदर सारखा करते आणि हात पुढं करते. ममताताई उठतात आणि ताट माझ्या डोक्यावरून नेतात. महिन्यामागून महिने हेच चाललं आहे. आता कुणी डोळे मिटत नाही. बघतात.

बघू दे. पुढच्या महिन्यातही मी हात पुढं करीन. त्याच्या पुढच्या महिन्यातही. ताट उचलून त्यांचे हात भरून येतील. माझा हात खाली येणार नाही.