हात फिरवून टायरचं वय

मलकपेठेत टायरवर नुसता हात फिरवून त्याचं वय सांगणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. आता खरं सांगतो, त्यात हाताची काही करामत नाही. टायरच्या कडेला चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन बनवल्याचा आठवडा, पुढचे दोन साल. हळूच आकडा वाचून घ्यायचा, मग डोळे मिटून हात फिरवायचा!

शाळेनं मला चौथीत सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे, पण आकडे पक्के. रेसकोर्सजवळ इतकी वर्षं टायरचं दुकान टाकून बसलो, की किस्से जुन्या टायरांसारखे साचलेत. फेकवत नाहीत आणि कुणी उचलूनही नेत नाही.

* * *

माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक रहमतभाई. कुलकर्णीसाहेबांचा घोडे न्यायचा ट्रेलर तोच चालवतो. आख्खा मोहल्ला मला मामा म्हणतो, तसा तोही म्हणतो, जरी आमच्या दोघांच्या दाढ्या एकाच साली पिकल्या.

रहमतभाई घोड्याचं तोंड उघडतो, दात बघतो आणि वय सांगतो. चुकत नाही. पण टायर बघायचा तर नुसत्या खाचा बघायचा. "खाचा गहरे हैं मामा, अभी तो जवान है." अहो, ट्रेलर वर्षातून तीनदा हलणार, बाकी दिवस उन्हात उभा! खाचा झिजणार कुठून? रबर मात्र जागच्या जागी म्हातारं होतं.

* * *

एकदा त्याने मला मोठ्या अभिमानाने स्टेपनी दाखवली. म्हणाला, हिने आजपर्यंत सडक बघितली नाही, अडीअडचणीला हीच वाचवेल. मी डोळे मिटून हात फिरवला आणि सांगितलं, ही खालच्या चौघांपेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. त्याने घाबरून माझ्या हाताकडे बघितलं, मग स्टेपनीला सलाम केला.

* * *

कुलकर्णीसाहेब मूळ पुण्याचे, कंप्युटरवाले. घोड्यांचा शौक मुलीचा, खर्च त्यांचा. मी त्यांना सांगितलं, साहेब, टायर दहा वर्षांचे झाले, बदला. ते म्हणाले, नवे दिसतात की. मग मीही म्हटलं, वास घेऊन बघा, जुन्या रबराला हिंगासारखा वास येतो.

इस्त्रीच्या पँटीत गुडघे टेकून त्यांनी चारही टायर हुंगले. वर म्हणतात, डावीकडच्याला थोडा येतोय! मी आत जाऊन हसलो. टायर मात्र बदलायचे राहिले ते राहिलेच.

* * *

दसऱ्याला रहमतभाई लेकीकडे नलगोंड्याला गेला होता. ट्रेलरची पूजा माझ्याकडे. झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गंमत म्हणून चारही टायरांना काळं पॉलिश फासलं. म्हटलं, येऊ दे, स्वतःचे टायर ओळखू नये त्याने!

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कुलकर्णीसाहेब दुकानात आले आणि माझा हात हातात घेतला. "मामा, न सांगता नवे टायर टाकलेत? आधी सांगायचं तरी. रहमत पहाटेच परतला आणि तासाभरापूर्वी चांदणीला घेऊन निघालाही बेंगळुरूला."

चांदणी म्हणजे त्यांच्या मुलीची घोडी.  पॉलिश आहे ते साहेब, मी म्हणालो, टायर जुनेच. साहेब मघाशी हसत होते, ते तसेच राहिले.

रहमतभाई गाडी चालवताना फोन उचलत नाही. साहेबांच्या कारमध्ये बसलो. शमशाबादच्या पुढे एक हॉटेल आहे, तिथे तो घोड्यांना पाणी पाजायला हमखास तासभर थांबतो. त्या दिवशी थांबला असेल की नाही, म्हणून वाटेत कडेला उभी प्रत्येक गाडी मी काचेतून वाकून बघत गेलो.

थांबला होता. मी खाली बसलो आणि ओल्या फडक्याने पॉलिश पुसलं. टाचेला पडतात तशा भेगा, नख आत जाईल एवढ्या. मग ट्रेलरखाली वाकलो. मागच्या एका टायरला आतल्या बाजूने फुगा आला होता. मी पूजेला ठेवलेल्या लिंबाएवढा.

वर चांदणी पाय आपटत होती. रहमतभाईने आधी तिला खाली उतरवलं, सावलीत बांधलं, मग माझ्याजवळ येऊन फुगा बघितला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. साहेबांनी विचारलं, मामा, दहा वर्षं झाली हे तुम्हाला कळलं कसं?

आता कुठला हात आणि कुठलं काय. मी बोट ठेवून आकडा दाखवला. आठवडा, साल, सगळं सांगितलं.

रहमतभाईने आकड्यावर अंगठा फिरवला, सावकाश वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाला,

"आकडे तो मेरेकू भी पढने आते, मामा. इत्ते साल तुम हात फिराको उमर बोले, तो मैं टायर कैकू देखता? तुम्हारा हात देखता था."