अरबपुऱ्यातलं एकतीस फुटांचं माप

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की टर उडवण्यात मीच पुढे... तीस वर्षं नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. तरी लिहितोय, कारण हे मनातून जात नाही.

गाव चिखलीपासून जीपने तासाभरावर, नाव देत नाही. तिथे अरबपुरा नावाची गल्ली आहे — आता होती म्हणायला हवं. घोडे आणि अत्तरं विकायला आलेले अरब व्यापारी कधीकाळी तिथेच वस्ती करून राहिले. त्यांच्यापैकी शेवटचं घर युसुफभाईंचं, तेही रस्ता रुंदीकरणात जाणार होतं. व्यापाऱ्यांच्या काळातली एक तरी खोली नकाशात दाखवता आली, तर घर जतनाच्या यादीत जाऊन वाचणार होतं. नकाशाचं काम मी फुकटात अंगावर घेतलं.

युसुफभाईंचं एकच पालुपद. "भाऊ, या भिंतीच्या मांगं मेहमानखाना हाये. परदेसातला व्यापारी तिथंच उतरे. आमचे दादाजान सांगत."

"अहो भाई, ऐकीव गोष्टी नकाशात काढता येत नाहीत!" मी चिडायचो. मागे दुसऱ्या घराची पाठ चिकटलेली, बाहेरून मोजायचीही सोय नव्हती.

त्या दुपारी लाईट गेलेली. आतल्या लांब खोलीत मिट्ट काळोख. मी वही घेऊन दाराशी बसलो, युसुफभाई टेपचं टोक घेऊन आत गेले. आमची पद्धत ठरलेली — टोक भिंतीला लागलं की दोन झटके द्यायचे. टेप हातातून सरसर गेली, थांबली, दोन झटके आले. एकतीस फूट चार इंच. मी लिहिलं, "सोडा" म्हणालो आणि टेप गुंडाळली.

तेवढ्यात युसुफभाई माझ्या पाठीमागून, रस्त्यावरून आत आले. डोक्यावर टोपी.

"काऊन भाऊ, एकटेच मोजून राह्यले? मी तं टोक खाली ठेवून बाजूच्या दारानं नमाजले गेलतो."

मी ते हसण्यावारी नेलं. टॉर्च लावून दोघांनी पुन्हा मोजलं. बावीस फूट दोन इंच, आणि समोर भिंत. मघाशी टेपला झोल पडला असेल, असं ठरवून मी एकतीस खोडलं, बावीस लिहिलं. भाईंना बोललोही नाही.

नकाशात जुनी खोली नाही म्हणून घर यादीत गेलं नाही.

पाडायच्या दिवशी जेसीबीने ती भिंत ओढली आणि मागे खोली उघडी पडली. निळे कोनाडे, खोगीर टांगायच्या लाकडी खुंट्या... "अरे थांबवा, थांबवा!" मी ओरडलो, पण छत सुटलं होतं. दोन मिनिटांत सगळं खाली आलं. मागची भिंत तेवढी उभी राहिली. मी उंबरठ्यापासून टेप लावली, टोक युसुफभाईंनी धरलं. एकतीस फूट चार इंच.

"भाऊ," ते रडत म्हणाले, "तवा आपल्याले हे काऊन नाही सापडलं हो?"

"नाही सापडलं, भाई," मी म्हणालो.

त्या दुपारी भिंतीपलीकडे टोक कुणी धरलं होतं, मला आजही कळलेलं नाही. युसुफभाई आता लेकीकडे जालन्याला असतात. अधूनमधून फोन करतात. "तुमी लय मेहनत घेतली भाऊ, आमचंच नशीब नव्हतं," म्हणतात. मी नुसतं हो हो करतो. त्यांना खरं सांगायची हिंमत अजून झालेली नाही.